पाठराखीण कोण होणार? एकटे राहणारे प्रौढ, एडीएचडी आणि भोर-वेल्ह्याचा प्रश्न

‘कोचिंग’ हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे दहावी-बारावीचे वर्ग, भिंतींवरचे फलक आणि गुणवंतांची छायाचित्रे आठवतात. गेल्या काही वर्षांत मात्र ह्या शब्दाला एक निराळा अर्थ येऊन चिकटला आहे. प्रौढ वयात एडीएचडीचे, म्हणजे अवधान-अभाव आणि अतिचंचलता ह्या विकाराचे निदान झालेल्या व्यक्तीला दिवसाची घडी बसवण्यासाठी, हाती घेतलेले काम तडीस नेण्यासाठी व पैशाचा हिशेब राखण्यासाठी आठवड्यातून एकदा भेटून साहाय्य करणाऱ्या मार्गदर्शकाला आता ‘कोच’ म्हणतात. पुण्या-मुंबईत ही सेवा मिळू लागली आहे. परंतु ती बव्हंशी इंग्रजीतून, संगणकाच्या पडद्यावरून आणि तासाच्या दराने मिळते. भोर व वेल्हे ह्या दोन तालुक्यांत राहणाऱ्या, अथवा तेथून पुण्यास येऊन एका खोलीत दिवस काढणाऱ्या मराठी भाषक अविवाहित माणसाच्या वाट्याला तिच्यातले काय येणार, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम विकाराविषयी थोडे. एडीएचडी हा मुलांचाच आजार आहे आणि वयात आल्यावर तो आपोआप जातो, अशी समजूत आपल्या पिढीतील डॉक्टरांचीही होती. ती आता मागे पडली आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तीत प्रौढांसाठी निकष थोडे शिथिल झाले. लक्षणे वयाच्या सातव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत ही अट बाराव्या वर्षापर्यंत पुढे नेण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली अकरावी वर्गीकरण-सूचीही ह्या विकाराला आता त्याच नावाने ओळखते. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून प्रौढांमधील त्याचे प्रमाण शेकडा अडीच ते तीनच्या आसपास धरले जाते. म्हणजे मिस्साला येणाऱ्या दर शंभर प्रौढांमागे दोघे-तिघे. ते कोण, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसते. मल्याळी चित्रपट अभिनेते फहाद फासिल ह्यांनी मे २०२४ मध्ये केरळातील कोतमंगलम येथील एका कार्यक्रमात, आपल्याला हे निदान वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळल्याचे जाहीरपणे सांगितले होते. यश, पैसा व नाव असलेल्या माणसाला जे एक्केचाळिसाव्या वर्षी कळते, ते शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला कधी कळावे?

मोबाइलवरील चित्रफिती पाहून स्वतःचे निदान स्वतःच करणाऱ्यांची संख्याही अलीकडे वाढली आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक विसराळू माणूस ह्या विकाराचा रुग्ण नसतो. झोप न मिळाल्याने, चिंतेने, मद्याने, थायरॉइडच्या बिघाडाने किंवा नुसत्या मोबाइलच्या नादानेही लक्ष उडते. लक्षणे बालपणापासूनची आहेत काय, ती घर, काम, शिक्षण अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात काय आणि त्यांनी आयुष्याचे खरोखर नुकसान झाले आहे काय, हे तज्ज्ञाने नीट विचारल्याशिवाय निदान होत नाही. मात्र जेथे तो विकार असतो तेथे त्याची किंमत मोठी असते. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीस हजारांहून अधिक निदान झालेल्या ब्रिटिश प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. इतरांच्या तुलनेत पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे पावणेसात वर्षांनी व स्त्रियांचे सुमारे साडेआठ वर्षांनी कमी असल्याचा अंदाज त्यातून निघाला. विकार स्वतः कोणाला मारत नाही. वाहन चालवताना चुकलेले लक्ष, लांबणीवर टाकलेली तपासणी, बुडालेली नोकरी, जडलेले व्यसन आणि खचलेले मन ही सारी मिळून ते करतात.

आता एकटेपणाकडे वळू. ह्या विकारात माणसाला काय करायचे ते माहीत असते. ते त्या क्षणी करणे जमत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले ह्यांनी आयुष्यभर हाच मुद्दा मांडला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की ह्या व्यक्तींना उपदेश देऊन भागत नाही. ज्या जागी आणि ज्या घटकेला काम करायचे, तेथे आठवण, वेळ व परिणाम डोळ्यांना दिसतील असे ठेवावे लागतात. एकत्र कुटुंबात हे नकळत घडत असते. आई दोनदा हाक मारते, वडील वीजबिलाची तारीख लक्षात ठेवतात, भाऊ सोबतीला शेतावर येतो. विवाहितांच्या घरी हा भार बहुधा पत्नी वाहते आणि त्याबद्दल तिचे कोणी आभारही मानत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाभोवती ह्यातले काही नसते. खोलीचे भाडे थकते, गॅस संपतो, मेसचा डबा बंद होतो, आणि हे सर्व ‘बेजबाबदार’ ह्या एका शब्दात बसवले जाते.

आम्हां धर्मगुरूंना ह्याची एक जवळची ओळख आहे. सेमिनरीत पहाटेपासून रात्रीपर्यंत घंटा असते. प्रार्थना, वर्ग, जेवण, बागकाम, मौन, सारे तिच्यावर चालते. त्या घंटेच्या आधारे दहा-बारा वर्षे उत्तम चाललेला विद्यार्थी दीक्षेनंतर एखाद्या दूरच्या केंद्रावर एकटा गेला की त्याची पत्रे अनुत्तरित राहतात, हिशेबवह्या अपुऱ्या राहतात, बाप्तिस्म्याच्या नोंदी महिनोन्‌महिने कागदाच्या चिटोऱ्यांवर पडून राहतात. अशा वेळी त्याच्या पाचारणाविषयी शंका घेतली जाते. घंटा गेली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

भोर-वेल्ह्यात गेलेली घंटा निराळी. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची अवघी ५४ हजारांच्या आसपास होती. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणे ह्याच डोंगरांत. त्यांचे पाणी पुण्याकडे व पूर्वेकडील तालुक्यांकडे गेले आणि तरुण माणसेही पाण्याच्याच वाटेने गेली. मागे राहिलेल्या गावात पूर्वी भातलावणी सावडीने होई. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या माझ्या खाचरात सगळे. नांगरटीला इरजिक घातले जाई. ज्याचे लक्ष ठरत नाही असा माणूसही सावडीत चोख काम करी, कारण शेजारी दुसऱ्याचे हात चालत असत, पावसाची वेळ ठरलेली असे आणि लावणी उद्यावर ढकलता येत नसे. आजचे कोच ज्याला शेजारी बसून काम करणे म्हणतात, आणि ज्यासाठी लोक पडद्यावर अनोळखी माणसासमोर बसून आपापली कामे उरकतात, ते सावडीचेच शहरी रूप आहे. आता लावणीला मजूर आणावे लागतात आणि घरोघरी माणसे मोजकी. सावड सरली तसा अनेकांचा आधार सरला. पण त्याची नोंद कोणत्याच सातबाऱ्यावर झाली नाही.

जागेवर आले ते कागद आणि तारखा. शासनाच्या सन्मान योजनेच्या हप्त्यासाठी मोबाइलवरून ओळख-पडताळणी करावी लागते. पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्यात तीन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळते; तारीख हुकली की ती जाते. अवधान टिकत नाही अशा माणसासाठी ही व्यवस्था म्हणजे दरवर्षीचा दंडच होय. तो दंड त्याच्या आळसाच्या खात्यावर मांडला जातो.

ह्यात अविवाहितपणाची भर पडते. ग्रामीण महाराष्ट्रात शेतकरी मुलांची लग्ने जमेनाशी झाली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याकडे गंमत म्हणून पाहिले. त्यात गंमत थोडी होती. तिशी-चाळिशीतले अविवाहित पुरुष, आणि दुसऱ्या बाजूला नोकरीसाठी शहरातील वसतिगृहात राहणाऱ्या, घरी पैसे पाठवता पाठवता लग्नाचे वय उलटून गेलेल्या मुली, हे आता आपल्या समाजाचे नित्याचे दृश्य आहे. स्त्रियांमध्ये तर हा विकार आणखी दडलेला राहतो. त्यांच्यात धावपळ कमी आणि हरवलेपण अधिक असते. ‘स्वप्नाळू’ म्हणून शाळेत सोडून दिलेली मुलगी पुढे रुग्णालयात रात्रपाळी करताना नोंदवहीत चूक होईल ह्या भीतीने प्रत्येक आकडा चारदा तपासते आणि थकून जाते.

शासकीय व्यवस्था काय देते? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला शासकीय खर्चाच्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवून दिले की मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्यांना उपचारच मिळत नाहीत. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही नमूद करायला हवे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या माणसासाठी आजची सर्वांत जवळची मानसिक आरोग्य सेवा कदाचित हीच असेल. पुढच्या उपचारासाठी बहुधा पुण्याचा रस्ता धरावा लागतो. म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. ह्या विकारावर जगभर प्रथम वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध आपल्या औषध-नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टात येते. ते विकणाऱ्या दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. गैरवापर टाळण्यासाठी हे नियम योग्यच आहेत; परंतु त्यामुळे तालुक्याच्या दुकानात ते सहजी मिळण्याची आशा धरता येत नाही. एटोमॉक्सेटिनसारखी पर्यायी औषधे आहेत; तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता त्यांत आहेत, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. ‘तारे ज़मीं पर’ ह्या २००७ च्या चित्रपटाने वाचन-अक्षम मुलांसाठी घराघरांतली दारे उघडली, पण वाढलेल्या, एकट्या, विसराळू माणसावर कोण चित्रपट काढणार?

औषध मिळाले तरी काम तेथे संपत नाही. औषधाने लक्ष ठरते. कशावर ठरवायचे हे औषध सांगत नाही. तेथे कोचिंगचा संबंध येतो. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी ह्या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९४ साली लिहिलेल्या ‘ड्रिव्हन टु डिस्ट्रॅक्शन’ ह्या पुस्तकात अशा साहाय्यकाची कल्पना मांडली आणि तेव्हापासून ती पसरली. पद्धत साधी असते. आठवड्याच्या सुरुवातीला भेटायचे किंवा फोनवर बोलायचे. मागच्या आठवड्यात ठरवलेल्या तीन गोष्टींपैकी काय झाले, काय राहिले, का राहिले, हे रागावल्याशिवाय पाहायचे. पुढच्या आठवड्यासाठी एखादे मोठे काम लहान तुकड्यांत कापायचे, इतके लहान की पहिला तुकडा दहा मिनिटांत व्हावा. मधल्या दिवशी एक छोटा फोन. घरात किल्लीची जागा एकच, औषधाची जागा चहाच्या भांड्याशेजारी, भाड्याची तारीख भिंतीवर ठळक अक्षरांत. भूतकाळातल्या जखमा उकरणे हे कोचचे काम नव्हे, ते समुपदेशकाचे. निदान करणे आणि औषध देणे हे डॉक्टरांचे.

ह्याने गुण येतो काय? निव्वळ कोचिंगवरचे संशोधन अजून तोकडे आहे आणि त्यातले बरेचसे अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेले आहे. परंतु त्याच्या जवळच्या पद्धतींवर चांगला पुरावा आहे. मेरी सोलांटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ८८ प्रौढांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांना बारा आठवडे गटात बसवून वेळ, कामे व नियोजन ह्यांची कौशल्ये शिकवली; उरलेल्यांना तेवढाच काळ आधारगटात सहानुभूतीने ऐकून घेतले. कौशल्ये शिकलेल्यांची लक्षणे अधिक कमी झाली. ह्या निष्कर्षाने आपल्यासारख्यांना विचार करायला लावले पाहिजे. ऐकून घेणे आणि धीर देणे ह्यात ख्रिस्तसभा निष्णात आहे. ह्या माणसांना त्याहून काही अधिक हवे असते, आणि ते अधिक म्हणजे एक वही, एक ठरलेली वेळ आणि ठरवलेले विचारणारे कोणी.

कोचिंगच्या बाजाराविषयी मात्र सावध असावे. मानसशास्त्राच्या चिकित्सकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘कोच’ ही पाटी कोणीही लावू शकतो. चार रविवारांच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन आयुष्य बदलण्याची हमी देणारे पुष्कळ आहेत. औषधे बंद करा असे सांगणारा कोच भेटला तर त्याचे पैसे तेथल्या तेथे बंद करावेत.

‘कोच’ला मराठी शब्द शोधताना आपल्या विवाहप्रथेतली ‘पाठराखीण’ आठवते. नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक बाई काही दिवसांसाठी जात असे. ती नवरीचा स्वयंपाक करीत नसे. नवरीला नव्या घराची रीत उमजेपर्यंत, भांडी कोठे, पाणवठा कोठे, सासऱ्यांचा चहा कितीला, हे अंगवळणी पडेपर्यंत ती जवळ राही आणि मग परत फिरे. कोचिंगचे मर्म ह्याहून नेमके सांगता येणार नाही. म्हणून पुढे मी पाठराखण हाच शब्द वापरतो.

ही पाठराखण महागडे तज्ज्ञच करू शकतात काय? आपल्या भागातील अनुभव वेगळे सांगतो. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवरील तिच्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आले. सहा ते आठ भेटींच्या साध्या उपचाराने तीन महिन्यांनंतर ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. त्या भेटींत काय केले जाई? दिवसाचे वेळापत्रक, लहान कामे, अडचणींची उकल. विदर्भात ‘विश्राम’ ह्या उपक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर नेले. नाशिक जिल्ह्यातील पेठ ह्या डोंगराळ, आदिवासी तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ प्रकल्प राबवला. त्यात गावातल्याच विश्वासू व्यक्तींनी शेजाऱ्यांना ओळखून, भेटून आधार दिला. पेठ आणि वेल्हे ह्यांचा पाऊस, भात व रस्ते सारखेच आहेत.

हे सारे प्रयोग नैराश्यासाठी आणि तशा सर्वसाधारण मानसिक त्रासांसाठी झाले, एडीएचडीसाठी नव्हे. हा फरक झाकून ठेवणे अप्रामाणिक होईल. तथापि गावातला प्रशिक्षित माणूस ठरलेल्या भेटी सातत्याने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पार पाडू शकतो, एवढे त्यांनी निःसंशय दाखवले आहे. आणि पाठराखणीचा गाभा तोच आहे. पुण्यातही ह्याचे दाखले आहेत. १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला. डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्वमदत गट चालवते. ज्ञान प्रबोधिनीच्या कार्यकर्त्यांनी वेल्ह्यात आणि शिवगंगा खोऱ्यात महिलांचे बचतगट बांधले. ठरलेल्या दिवशी वही घेऊन बसणे, हप्ता विचारणे, न आलेल्या बाईच्या घरी जाऊन येणे, ह्या गोष्टी तेथल्या स्त्रियांना कोणी नव्याने शिकवायला नकोत.

आता आपल्या घरात पाहू. विद्यमान परिस्थितीत आपण ह्या माणसांना दोन उत्तरे देतो, आणि माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत.

पहिले उत्तर पापाचे. सात प्रमुख पापांत आळसाची गणना आहे, म्हणून काम अपुरे टाकणारा आळशी व म्हणून पापी, असा हिशेब सरळ केला जातो. प्राचीन वाळवंटातील तपस्व्यांनी ज्याचे वर्णन केले तो आळस म्हणजे जे चांगले आहे त्याचाच कंटाळा, देवाच्या प्रीतीविषयीची उदासीनता. जो माणूस रात्री दोनपर्यंत जागून, रडकुंडीला येऊन अर्ज भरण्याचा प्रयत्न करतो आणि तरी तो अपुरा राहतो, त्याला चांगल्याचा कंटाळा नाही. तो चांगल्यासाठी तळमळतो आहे. अनवधान, सवय व मानसिक कारणे ह्यांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, असे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १७३५) स्पष्ट सांगतो. कमी होते, नाहीशी होतेच असे नव्हे. आणि हा बारकावा महत्त्वाचा आहे. निदान हा परवाना ठरता कामा नये. संत पौल गलतीकरांस लिहिताना एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि लगेच पुढच्या ओळींत प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही सांगतो. पुष्कळांना ही विसंगती वाटते. पाठराखण करणाऱ्याला ती वाटणार नाही.

संत इग्नेशियस लोयोला ह्याने आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त विशेष आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली आहे तीही ह्या संदर्भात पाहण्याजोगी आहे. सकाळी एकच गोष्ट ठरवायची. दुपारी आणि रात्री, तासागणिक आठवून, चुकांइतके ठिपके रेघेवर द्यायचे. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. पोपमहोदयांनी ह्या पुस्तकास १५४८ साली मान्यता दिली. एका संताला आज मरणोत्तर निदान चिकटवण्याचा माझा हेतू नाही. केवळ निश्चयावर विसंबू नका, कागदावर दिसेल असे ठेवा, हे शहाणपण आपल्या परंपरेत पावणेपाचशे वर्षे पडून आहे एवढेच सांगायचे आहे.

दुसरे उत्तर लग्नाचे. “लग्न लावून द्या, आपोआप मार्गी लागेल.” हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यातला अन्याय दिसेनासा होतो. ह्यात एका अनोळखी मुलीला, न सांगता, बिनपगारी पाठराखीण म्हणून आणले जाते, आणि ही पाठराखीण कधी परत फिरणार नसते. निदान लपवून ठेवणे तर त्याहून वाईट. एडीएचडी आहे म्हणून विवाहास कोणी अपात्र ठरत नाही. विवाहाची जबाबदारी समजण्याची व पेलण्याची क्षमता असणे ही धर्मसभेच्या कायद्याची अट आहे आणि ती ह्या विकाराच्या बहुतेकांत असते. परंतु संमती खरी असायची तर जोडीदाराला सत्य ठाऊक असले पाहिजे. विवाहपूर्व वर्गांत रक्तगट विचारला जातो, तेथे हेही बोलले जावे. आणि ज्यांचे लग्न झाले नाही, होणार नाही किंवा ज्यांना ते करायचे नाही, त्यांचे काय? पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक प्रेषित-पत्राच्या शेवटाकडे, ज्यांना कुटुंब नाही त्यांच्यासाठी ख्रिस्तसभा हेच कुटुंब आहे, असे लिहून ठेवले. आपल्या धर्मग्रामांचे वर्ष मात्र कुटुंब-दिन, दांपत्य-मेळावा, युवा-शिबिर असे चालते. पस्तिशीचा अविवाहित माणूस ह्यांपैकी कोठल्या रांगेत उभा राहतो, हे एकदा मोजून पाहावे.

व्यवहारात काय करता येईल? नव्या संस्थेची, इमारतीची, परदेशी निधीची गरज मला दिसत नाही. फ्रेडरिक ओझानाम व त्याच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये स्थापिलेली संत विन्सेंट डी पॉल संस्था आपल्या अनेक धर्मग्रामांत कार्यरत आहे. दोघांनी मिळून घरभेट द्यायची, नियमित द्यायची आणि तेथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, ही तिची रीत. शिधा आणि औषधे नेणाऱ्या ह्या सभासदांपैकी चौघा-पाचजणांना पाठराखणीचे प्रशिक्षण देता येईल. निवृत्त शिक्षिका व परिचारिका ह्या कामाला विशेष योग्य. वेळापत्रक त्यांच्या हाडांत मुरलेले असते. प्रशिक्षण व देखरेख मानसोपचारतज्ज्ञाकडून अथवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडूनच हवी, धर्मगुरूकडून नको. भोर-वेल्ह्यात आपली माणसे थोडी आणि विखुरलेली. तेथे आठवड्याचा फोन आणि महिन्याची एक भेट असा मेळ घालावा लागेल, आणि शेजारच्या बचतगटातल्या एखाद्या ताईला सोबत घेतले तर काम अधिक टिकेल. हे साहाय्य धर्म विचारून द्यायचे नसते, हे वेगळे सांगायला नको.

धोके आहेत. लहान समाजात गुपित टिकत नाही, आणि ‘फादरांनी त्याला वही दिली आहे’ ही बातमी पुढच्या मिस्साच्या आत सर्वत्र होते. म्हणून पाठराखण करणारा शक्यतो दुसऱ्या धर्मग्रामातला असावा. पाठराखीण जबाबदारी स्वतःवर ओढून घेऊ लागली, भाडे स्वतः भरू लागली, फोन न उचलल्यावर दार ठोठावू लागली, तर तो पाठलाग होतो. प्रौढ माणसाला तो सोसवत नाही आणि सोसूही नये. आध्यात्मिक मार्गदर्शन आणि पाठराखण ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे नसावीत, कारण प्रार्थना चुकली आणि वीजबिल चुकले ह्यांचा जाब एकाच वहीत मागितला जाऊ लागतो. आणि ज्याच्या बोलण्यात जीव देण्याची भाषा येईल त्याला वहीसमोर न बसवता ताबडतोब डॉक्टरकडे न्यायचे. पोप फ्रान्सिस ह्यांनी नोव्हेंबर २०२१ चा प्रार्थना-उद्देश नैराश्यग्रस्तांसाठी आणि पोप लिओ ह्यांनी नोव्हेंबर २०२५ चा आत्महत्या टाळल्या जाव्यात म्हणून ठेवला होता. त्या त्या महिन्यांत आपण प्रार्थना केल्या.

सहा महिन्यांची मुदत ठरवून, पुणे शहरातील एका धर्मग्रामाने दहा जणांपासून सुरुवात करावी आणि त्यांतले दोघे-तिघे भोर-वेल्ह्याकडचे असावेत, असे मला वाटते. शनिवारी सायंकाळी, मिस्सापूर्वी, कार्यालयाच्या मागच्या खोलीत दोन खुर्च्या, एक वही, भिंतीवर मोठे घड्याळ. ज्याला बोलायचे नाही त्याने आपले अपुरे काम घेऊन यावे आणि कोणाच्या तरी शेजारी बसून तासभर ते करावे. अर्ज, हिशेब, परीक्षेचा अभ्यास, काहीही चालेल. पाठराखण करण्यास तयार असलेल्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात नाव द्यावे. स्वतःसाठी साहाय्य हवे असलेल्यांनी नाव न देता नुसते शनिवारी यावे.